वेझीचा ढेकर नेमका कोणाचा?

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आमच्या घरात जे होतं त्याची मोजदाद अशी: तेरा आठवड्यांची भाची एक, नाव वेझी, वजन दवाखान्याच्या कार्डाप्रमाणे पाच किलो सहाशे ग्रॅम. बाटलीत काढून ठेवलेलं आईचं दूध, नव्वद मिलिलिटर. धुतलेली फडकी सहा. बाळ पाठीला बांधायची कापडं, म्हणजे चितेंगे, तीन, त्यातली दोन निळी आणि एक पिवळं, कोंबड्यांच्या चित्रांचं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ एक. वही एक, पेनं दोन, पैकी चालणारं एक. आणि रसायनशास्त्राचा पदवीधर मामा एक.

तो मामा म्हणजे मी, योतामू शावा.

"ताई, तू बिनधास्त जा!" मी म्हणालो. "बाळाचा ढेकर म्हणजे शेवटी काय? द्रवात अडकलेला वायूचा बुडबुडा! तो वर आणायचा, संपलं! मी शेवटच्या वर्षाचा अख्खा प्रकल्प बुडबुड्यांवर केलाय."

"साबणाच्या," तिवोंगेताई म्हणाली.

"तत्त्व तेच!"

ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिची बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. भाऊजी ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. आमची आई तिकडे चिपाटाला, तिची भुईमुगाची काढणी अर्ध्यावर आलेली, ती हलणं शक्य नव्हतं. म्हणजे उरले दोन मार्ग. सोमवारपासून वेझीला मी सांभाळायचं, नाहीतर शनिवारच्या बसने तिला आजीकडे पोचवायचं, डब्याच्या दुधावर, लुसाकापासून साडेपाचशे किलोमीटर लांब. त्या आठवड्यात ताई दोनदा तिकीट काढायला गेली होती आणि दोनदा न काढताच परत आली होती. काय झालं म्हणून मी विचारलं नाही. डोळ्यांवरून कळत होतं.

"आज शाळेत बैठक आहे, बारापर्यंत," ताई म्हणाली. "ही तुझी परीक्षा समज. दूध पाजलंस की ढेकर काढायचा. ढेकर अडकला की ही तासभर किंचाळते, तुला माहीत आहे. अकराला मी फोन करीन. मागे किंचाळणं ऐकू आलं, तर शनिवारची बस."

"आणि नाही आलं तर?"

"तर सोमवारपासून तू."

"मग तिकिटाचा विचार आत्ताच सोडून दे!" मी म्हणालो. हे वाक्य मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो, वाचकहो. चिलेंजे या लुसाकातल्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत बऱ्याच लोकांनी ते ऐकलं.

माझी तयारी पक्की होती. दवाखान्यातून एक कागद मिळाला होता, 'बाळाचा ढेकर सुरक्षितपणे कसा काढावा'. त्यावर तीन चित्रं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो मी मक्याच्या पिठाची खळ लावून डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवून टाकला. प्रयोगशाळेत असंच करतात.

नऊ चाळीसला दूध सुरू. नऊ बावन्नला बाटली रिकामी. वहीत नोंद.

चित्र पहिलं: बाळ खांद्यावर. खांद्यावर फडकं, एक हात बाळाच्या ढुंगणाखाली, दुसऱ्याने पाठीवर हलके थोपटणे, मानेला आधार. आता प्रश्न आला तो असा, की हलके म्हणजे किती? कागदावर एककच नाही! मी आधी स्वतःच्या मांडीवर थोपटून पाहिलं, मग उशीवर, मग स्वयंपाकघरातल्या पिकलेल्या पपईवर. पपईला खळगा पडणार नाही इतका जोर ठरवला. सेकंदाला एक, अशा साठ थापट्या मारल्या. निष्पत्ती शून्य. वेझी माझ्या कानाची पाळी चघळत होती.

चित्र दुसरं: बाळ मांडीवर बसतं, जरासं पुढे झुकवलेलं. छातीला तळव्याचा आधार, हनुवटी बोटांत, पण गळ्यावर दाब नाही. हे मला फार छान जमलं. वेझीचे गाल माझ्या बोटांवर ओघळले आणि ती समारंभात माईक न मिळालेल्या अध्यक्षासारखी दिसू लागली. मी पाठ चोळली. आणि आवाज आला!

"हिक्."

आता हा ढेकर की उचकी? मी बराच वेळ विचार केला. ढेकर पोटातून येतो. उचकी येते ती पोटाच्या वरच्या पडद्यामुळे. पण आवाज दोन्हीचा तोंडातूनच येतो! ताईने फोनवर विचारलं तर काय सांगायचं? मी वहीत नवा रकाना आखला, 'उचकी'. त्यात तेवीस नोंदी झाल्या. ढेकराचा रकाना कोराच राहिला.

चित्र तिसरं: बाळ मांडीवर पालथं, डोकं छातीपेक्षा थोडं वर. या वेळी ताबडतोब परिणाम दिसला. मात्र तो वायू नव्हता, द्रव होता आणि दिशाही उलटी होती. मी पँट बदलली, वेझीचं फडकं बदललं आणि आणखी एक रकाना आखला.

दहा चौदा. दूध संपून बावीस मिनिटं झाली होती. कागद म्हणत होता 'काही मिनिटे'. काही म्हणजे किती? पाच की पन्नास? असा कागद लिहिणाऱ्याला आमच्या विभागात कोणी उत्तीर्ण केलं नसतं! मी भिंतीकडे बघून हे बोलत होतो, तेवढ्यात वेझीचा खालचा ओठ पुढे आला. आमच्या घरात तो ओठ म्हणजे भोंगा वाजण्याआधीची पाच सेकंदं.

मी मोजली. साडेचारच निघाली.

काय तो आवाज! एवढ्याशा देहात एवढी यंत्रणा बसते तरी कुठे? मी तिला उभं खांद्याशी धरून बाहेर पळालो, कारण फाटकापाशी बाना कसोंदे बसतात. बाना कसोंदे म्हणजे कसोंदेची आई. त्या तिथे शेगडीवर गुलगुले तळून विकतात. सहा मुलं वाढवलेली बाई. ढेकराविषयी त्यांच्याहून जास्त अनुभव आमच्या गल्लीत कोणालाच नाही.

अडचण एकच होती. बाना कसोंदे उत्तरेकडच्या बेम्बा जमातीच्या आणि आम्ही पूर्वेकडचे अंगोनी. म्हणजे थट्टेचे सोयरे! आमच्या पणजोबांच्या काळात दोन्हीकडचे लोक एकमेकांशी लढले. कोण जिंकलं यावर एकमत झालं नाही, म्हणून ती लढाई आता तोंडाने चालते. त्यांनी आम्हाला काहीही म्हणावं, आम्ही त्यांना काहीही म्हणावं, लग्नात म्हणावं, मयताला म्हणावं. ज्याला राग आला तो हरला. आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं म्हणजे तर अपमानच!

"अगंबाई! अंगोनींचं सैन्य आलं!" बाना कसोंदे झारा उंचावून ओरडल्या. "आणि सेनापती तर रडतोय!"

"बाना कसोंदे, थट्टा नंतर. हिचा ढेकर अडकलाय."

"नंतर मला गिऱ्हाईक असतं. थट्टा आत्ताच. काय रे उंदीरखाऊ, बाळाला उंदराची शेपटी खिलवलीस की काय? ती अडकली असेल."

"माकडखाऊंना विचारायला आलो हीच माझी चूक!"

"हां, आता कसा माणसासारखा बोललास!" त्या खूश झाल्या. त्यांनी कढईतले गुलगुले उलटले आणि चेहरा एकदम गंभीर केला. "ऐक. चार गोष्टी आहेत. एक, बाळ सरळ धर, मान लोंबू देऊ नकोस, हनुवटीला आधार दे. दोन, थापट्या कमी कर, कमरेपासून वर चोळत जा. तीन, फाटकात उभा राहा, उत्तरेला तोंड कर आणि मोठ्याने म्हण, 'बेम्बा आमचे मालक.' अंगोनी बाळाच्या पोटात गर्वाचा वारा भरलेला असतो. कबुली दिल्याशिवाय तो निघत नाही. चार, चितेंगे घे, बाळ पाठीला बांध आणि अंगण झाड."

चारही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या. पापणीसुद्धा हलली नाही!

मी विचार करू लागलो. पहिल्या दोन गोष्टी कागदावर होत्या, म्हणजे खऱ्या. तिसरी उघडउघड थट्टा. चौथीही थट्टाच असणार, कारण चिलेंजेत पुरुषाने पाठीला बाळ बांधलं तर लोक मिनीबस थांबवून बघायला उतरतात. पण मग दोन खऱ्या आणि दोन खोट्या, असं बरोबर निम्मंनिम्मं? बाना कसोंदे इतक्या प्रामाणिक कधीपासून झाल्या? की चौथी खरी आहे आणि दुसरीच थट्टा आहे?

"यातलं खरं कोणतं आणि थट्टेचं कोणतं?" मी विचारलं.

"ते सांगितलं तर मग मजा काय राहिली?"

पहिल्या दोन गोष्टी मी लगेच करून पाहिल्या. हनुवटीला आधार, कमरेपासून वर चोळणं. वेझीने आवाजाची एक पट्टी वाढवली, एवढंच. दहा एकोणतीस झाले. ताईचा फोन यायला एकतीस मिनिटं! आणि चिपाटाची बस शनिवारी.

विज्ञान असं सांगतं, की एखाद्या प्रयोगाला खर्च नसेल तर तो करून टाकावा. मी फाटकात गेलो, उत्तरेला तोंड केलं आणि पुटपुटलो, "बेम्बा आमचे मालक."

"ऐकू नाही आलं!" मागून बाना कसोंदे.

"बेम्बा आमचे मालक."

"ती पूर्व आहे! उत्तर इकडे! पदवीधर ना रे तू?"

मी वळलो. डोळे मिटले. "बेम्बा आमचे मालक!!"

बाना कसोंदेंनी जिभेने अशी काही आरोळी घातली की कोपऱ्यावरच्या झाडावरून कावळे उडाले. आणि रस्त्यापलीकडे चाललेलं शिलाई यंत्र बंद पडलं.

ते यंत्र जेरे आजोबांचं. आजोबा सत्तरीचे, शिंपी आणि अंगोनी. इतके अंगोनी, की कमरेचं माप घेतानासुद्धा गिऱ्हाइकाला वंशावळ विचारतात. गळ्यात टेप, हातात कात्री, अशा थाटात ते रस्ता ओलांडून आले. त्यांच्यासाठी एक मिनीबस थांबली.

"कोण बोललं ते?"

"आजोबा, तो एक प्रयोग होता..."

"प्रयोग! तुझ्या खापरपणजोबांनी झांबेझी नदी ओलांडली ती या दिवसासाठी? एका ढेकरापायी अख्खं राज्य देऊन टाकलंस?"

"राज्य होतं कुठे द्यायला?" बाना कसोंदे म्हणाल्या. "चार उंदीर आणि एक ढाल!"

"तू गप बस, माकडांच्या आचारिणी! पोरा, अंगोनी बाळाचा ढेकर कसा निघतो माहीत आहे? युद्धाच्या नाचाने! जमीन हादरली पाहिजे. घे तिला छातीशी आणि आपट पाय!"

"नाही आजोबा!" इथे मात्र मी ठाम राहिलो. "बाळाला झटके द्यायचे नाहीत, गदगदा हलवायचं तर मुळीच नाही. कागदावर ठळक अक्षरांत आहे."

"मग धरून उभा राहा. मी नाचतो."

आणि आजोबा नाचले! हातातली कात्री बाजूला ठेवून, टेप भाल्यासारखा ताणून, धूळ उडवत. वेझी चकित होऊन गप्प झाली. नऊ सेकंद! मग तिने नव्या दमाने सुरुवात केली. माझा उजवा हात बधिर झाला होता. तोंडाने मी "ओ ओ ओ" म्हणत होतो, मनात शनिवारची बस सुटत होती, आणि ताई तिकीट खिडकीशी उभी असलेली दिसत होती.

तेव्हा बाना कसोंदेंनी कढई उतरवली, शेगडीवर झाकण टाकलं, हात धुऊन पुसले.

"कबुली दिलीस ना? साक्षीदारही आहे. मग लुटीतला माल उचलायला काय हरकत आहे?" असं म्हणून त्यांनी वेझीला माझ्या खांद्यावरून घेतलं. एक तळवा तिच्या डोक्यामागे, कमरेतून वाकून पाठीवर ठेवली, वरून चितेंगे ओढलं, घट्ट केलं, छातीवर गाठ मारली. अकरा सेकंद. त्या गल्लीत चालू लागल्या. "सोडवणुकीला काय देणार त्याचा विचार करून ठेवा!" आवाज कोपऱ्यावरून आला आणि रडण्याचा आवाजही कोपऱ्याआड गेला.

वेळ दहा एकेचाळीस.

मी तिथेच उभा. ही मदत होती, थट्टा होती, की चोरी? मदत असेल तर आभार मानायला हवेत. चोरी असेल तर धावायला हवं. थट्टा असेल तर धावणं म्हणजे चिडणं, आणि चिडणं म्हणजे हरणं! मी अर्धं पाऊल टाकलं, तेवढ्यात जेरे आजोबांनी माझी कॉलर धरली.

"चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. ते बघत असतात."

"कोण?"

"बेम्बा."

"आजोबा, पण बाळ!"

"तिने सहा वाढवलीत. बाळाला काही होत नाही. इज्जतीचं बघ."

मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, इज्जत सांभाळत, सहज फिरायला निघाल्यासारखा. बाना कसोंदे कुठेच दिसल्या नाहीत. काहीतरी करणं भाग होतं. मग लक्षात आलं, की चौथी गोष्ट अजून तपासलेली नाही! बाना कसोंदेंनी स्वतः तीच केली होती. म्हणजे ती खरी असण्याची शक्यता वाढली होती. वेझी परत मिळाली की मला ती येत असली पाहिजे. पण पहिला प्रयोग जिवंत बाळावर करणं सुरक्षित नव्हे. म्हणून मी घरातून मक्याच्या पिठाची पाच किलोची पिशवी आणली, वर साखर अर्धा किलो आणि मिठाचा एक लहान पुडा. एकूण साधारण वेझी.

"बांधा, आजोबा."

शिंपी असल्याने कापडाचं त्यांना सगळं कळतं, असं मला वाटलं होतं. पहिल्या खेपेला वेझी, म्हणजे पीठ, घसरून माझ्या गुडघ्यामागे आलं. दुसऱ्या खेपेला मी वाकलो आणि ते डोक्यावरून पुढे गेलं. दोन्ही वेळा मी वहीत लिहिलं, 'बरे झाले, पीठ होते.' तिसऱ्या खेपेला आजोबांनी अशी गाठ मारली की पिशवी जागची हलेना. मला श्वासही घेता येईना. मी अंगण झाडू लागलो. पिशवीचा एक कोपरा फाटला होता, त्यामुळे मी झाडून पुढे जात होतो आणि मागे पांढरी रेघ पडत होती.

अकराच्या ठोक्याला फोन वाजला.

"किंचाळणं ऐकू येत नाही!" ताईच्या आवाजात केवढा आनंद.

"नाही येत."

"ढेकर आला?"

"माहिती उपलब्ध नाही."

"म्हणजे?"

मी ताईशी खोटं बोलत नाही. "ताई, वेझी या क्षणी माझ्या ताब्यात नाही. दहा एकेचाळीसला बेम्बांनी तिला लुटीत नेलं."

ताई खो खो हसली. "अरे वा! बाना कसोंदेंशी थट्टा चाललीय म्हणजे सगळं ठीक आहे! मला वाटलं, तू रडकुंडीला आला असशील."

"ताई, मी थट्टा करत नाहीये."

"असंच म्हणायचं असतं! शाब्बास रे!" आणि फोन बंद.

बघा! आमच्याकडे खरं बोलायची सोय म्हणून नाही.

आणि ताई तरी कुठून बोलत होती? आमच्याच बसथांब्यावरून! बैठक लवकर संपली होती. अकरा आठला ती फाटकातून आत आली. मी पाठमोरा झाडत होतो. पाठीवर पिवळं चितेंगे, त्यावर कोंबड्या, आत गोल फुगवटा.

"योतामू!" ती कुजबुजली. मी वळून पाहिलं, तर ताईच्या डोळ्यांत पाणी. "पुरुष असून तू तिला पाठीला बांधलंस? माझ्यासाठी? अख्ख्या गल्लीसमोर?"

चोवीस वर्षांत ताईने माझ्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं. ते बंद पाडणं जिवावर आलं. मी म्हणालो, "ताई, थांब..."

"श्श, झोपलीय का?" ती चवड्यांवर आली, हळूच चितेंग्याचा कोपरा उचलला आणि आत ओठ टेकायला गेली.

'मक्याचे पीठ, निवडक, पाच किलो.'

ताईने मान वर केली तेव्हा तिच्या नाकाला पीठ लागलं होतं.

"घाबरू नकोस पोरी," जेरे आजोबा पायरीवरून म्हणाले, "ही तालीम आहे."

"माझं बाळ कुठाय?"

"सांगितलं ना मघाशी," मी म्हणालो. "लुटीत."

या वेळी ती हसली नाही. ती पळाली. तिच्या मागे मी, माझ्या मागे आजोबा. पिठाची गाठ सुटेना म्हणून आजोबा कात्री घेऊन पळत होते, आणि गल्लीला वाटलं की म्हातारा माझ्या जिवावर उठलाय! शिवाय मी जाईन तिथे मागे पांढरी रेघ. दोन कोंबड्या, खऱ्या, ती टिपत आमच्या मागे लागल्या. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर येऊन बघत राहिला.

"बाना कसोंदे दिसल्या का?" ताई ज्याला त्याला विचारत होती. आवाज फाटला होता. त्या आवाजानंतर मला वहीची आठवण राहिली नाही.

बाना कसोंदे सार्वजनिक नळावर होत्या. रांगेत बादली लावून, शेजारणीशी बोलत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत डुलत होत्या. त्यांच्या पाठीवर वेझीचा एक गाल चपटा झालेला, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर दुधाचा थेंब. गाढ झोपली होती.

"श्श!" बाना कसोंदे म्हणाल्या. "काय घोड्यासारखे पळत येता?"

ताईने वेझीच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली. नळ वाहत होता. बादली भरून सांडू लागली. मी वेझीचे श्वास मोजले, मिनिटाला अडतीस. झोपलेल्या बाळाला योग्य.

मग मी दबक्या आवाजात विचारलं, "ढेकर?"

"कोणता? पहिला की दुसरा?"

"दोन?!"

"पहिला कोपरा वळल्याबरोबर. मला वाटलं, मिनीबसचा टायर फुटला. दुसरा त्या चढावर. दोन्ही बेम्बा पाठीवर आले, म्हणजे दोन्ही आमचे."

"वा गं वा!" जेरे आजोबांना दम लागला होता, तरी ते पुढे आले. "दूध अंगोनी. पोट अंगोनी. ढेकर तुमचा कसा?"

"चाल कोणाची? पाठ कोणाची?"

"हवा कोणाची ते बोल!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग रे पदवीधरा. हवा कोणाची?"

"हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो," मी म्हणालो.

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे नायट्रोजन कुठले? उत्तरेकडचे की पूर्वेकडचे?"

"आमचे नव्हेत," बाना कसोंदे म्हणाल्या. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं.

"पण त्या चार गोष्टींतली खरी कोणती होती?" मी विचारलं. मला ते कळल्याशिवाय राहवत नव्हतं.

"तिसरी," बाना कसोंदे म्हणाल्या. "तू कबुली दिलीस आणि दहा-बारा मिनिटांत ढेकर आला. त्याआधी तीस मिनिटं आला होता का? नाही ना? मग लिही वहीत."

वेळांचा क्रम बघता मला ते खोडता येईना. आजही येत नाही.

घरी आल्यावर आजोबांनी अखेर पिठाची गाठ कापली. ताईने भिंतीवरचा कागद पाहिला. तो तिने कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढला, मागची बाजू उजेडात धरली आणि मोठ्याने वाचलं, "'दर वेळी प्रत्येक बाळाला ढेकर येतोच असे नाही. काही मिनिटांत आला नाही तर थोपटत बसू नये. बाळाला थोडा वेळ उभे धरून ठेवावे.' ही बाजू वाचली होतीस?"

"त्या बाजूला खळ होती."

ताईने कागदाची घडी घातली. ती आणि बाना कसोंदे पायरीवर बसल्या आणि दोन राज्यांच्या वकिलांसारख्या हळू आवाजात बोलत राहिल्या. वेझी अजून बाना कसोंदेंच्याच पाठीवर होती. मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. "सोमवारपासून..." "मी असताना चिपाटाला कशाला पाठवतेस?" "पण तुमचा धंदा? उकळत्या तेलाशेजारी बाळ नको हं." "छे! पाठीवर बाळ असताना मी कढईपाशी जाते होय? मी हिंडती राहीन. तळायला माणूस लागेल. शिकलेला असला तरी चालवून घेऊ."

मी वर पाहिलं. ताई माझ्याकडे बघत होती. बाना कसोंदे माझ्याकडे बघत होत्या. जेरे आजोबांनी गळ्यातला टेप काढला आणि एप्रनसाठी माझ्या कमरेचं माप घ्यायला सुरुवात केली.

शनिवारची बस वेळेवर चिपाटाला गेली. त्यात आमच्या घरचं कोणी नव्हतं.

सोमवार, सकाळी सात ते दुपारी एक. वेझी: दूध दोनदा, ढेकर तीन, रडणं एकूण चार मिनिटं. गुलगुले: तळलेले एकशे बारा, करपलेले सदतीस.